शेफ्लर, एर्ना

(२१ सप्टेंबर १८९३–२२ मे १९८३). पश्चिम जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयातील पहिल्या महिला न्यायाधीश. माहेरचे आडनाव फ्रीडेनटाल. जन्म ब्रेस्लाऊ येथे. आज हे शहर पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्स्वाफ आहे.

१९१४ मध्ये त्यांनी कायद्यातील डॉक्टरेट मिळवली खरी, पण तिचा उपयोग काय, हा प्रश्नच होता. वकिली किंवा न्यायाधीशपदासाठी लागणाऱ्या सरकारी परीक्षांना स्त्रियांना बसताच येत नसे. ही आडकाठी १९२२ च्या कायद्याने दूर झाली. शेफ्लर यांनी परीक्षा दिल्या, काही काळ वकिली केली आणि पुढे बर्लिनच्या कनिष्ठ न्यायालयात न्यायाधीश झाल्या. तोवर नाझी सत्तेवर येऊन ठेपले होते. वडील जन्माने ज्यू, एवढ्या कारणावरून १९३३ मध्ये त्यांना नोकरीतून काढण्यात आले. नाझींच्या वंशभेदी न्यूरेम्बर्ग कायद्यांमुळे गेऑर्ग शेफ्लर या न्यायाधीशाशी ठरवलेला विवाहही अडला. युद्धाचे अखेरचे दिवस बर्लिनमध्ये लपून काढल्यावर १९४५ मध्ये हे लग्न झाले. कायदा माणसाच्या घरात किती आतपर्यंत शिरू शकतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९४९ च्या राज्यघटनेत स्त्री-पुरुष समानतेचे थेट कलम आले; त्यासाठी घटना तयार करणाऱ्या परिषदेतील सदस्य एलिझाबेथ झेलबर्ट यांनी मोठी झुंज दिली होती. मात्र कुटुंबकायदा जुनाच राहिला. संसारातल्या सामाईक गोष्टींत अखेरचा शब्द नवऱ्याचा असे. न्यायालयाची परवानगी घेऊन तो बायकोची नोकरीही सोडवू शके! हे बदलायला संसदेला ३१ मार्च १९५३ पर्यंत मुदत होती. कोणत्या तरतुदी टिकणार नाहीत, याची मांडणी शेफ्लर यांनी १९५० मध्ये फ्रँकफुर्टच्या विधिज्ञ परिषदेत केली आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पुढच्याच वर्षी कार्ल्सरूह येथे घटना न्यायालय सुरू झाले, तेव्हा २४ न्यायाधीशांत त्या एकट्या स्त्री होत्या.

संसदेने मुदत पाळली नाही. नवा कायदा नाही आणि जुना गेला तर गोंधळ माजेल, अशी ओरड सुरू झाली. न्यायालयाने १८ डिसेंबर १९५३ च्या निर्णयात ती मानली नाही: समानतेचे कलम आता थेट लागू आहे, नवा कायदा येईपर्यंत न्यायाधीशांनी त्यानुसार निवाडे द्यावेत. १९५७ मध्ये पती-पत्नीचे उत्पन्न एकत्र करून चढ्या दराने कर लावणारी तरतूद रद्द झाली. त्यावर संसदेने काढलेली उत्पन्न निम्मे-निम्मे वाटण्याची पद्धत बायकांना नोकरीपासून परावृत्त करते, अशी टीका आज होते. पण तो दोष न्यायालयाच्या माथी मारता येणार नाही.

सर्वांत गाजला तो २९ जुलै १९५९ चा निकाल. संसदेच्या १९५७ च्या सुधारणेने बरेच काही दिले होते, एक मेख मात्र मारून ठेवली होती. मुलाला कोणत्या शाळेत घालायचे यावर आईबापांचे जमले नाही, तर निर्णय बापाचा. मुलाचा कायदेशीर प्रतिनिधीही तोच. घरात शांतता राहायची तर कुणाचा तरी शब्द अखेरचा हवा, हे समर्थन. न्यायालयाने दोन्ही तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. मार्च १९६३ मध्ये शेतीच्या वारसाहक्कात मुलांना मुलींच्या आधी बसवणारा नियमही गेला.

या निकालांत शेफ्लर यांचा वाटा नेमका किती, हे निकालपत्रांवरून कळत नाही. पीठाची चर्चा गुप्त असे आणि भिन्नमत प्रसिद्ध करण्याची सोय १९७० मध्ये आली. त्यामुळे श्रेय देताना हात थोडा आखडावाच लागतो. शिवाय त्या न्यायालयाच्या ज्या पहिल्या सेनेटच्या, म्हणजे पीठाच्या, सदस्य होत्या, त्याच सेनेटने १९५७ मध्ये पुरुषांमधील समलैंगिक संबंधांना शिक्षा देणारे कलम वैध ठरवले. तेच संबंध स्त्रियांमध्ये असल्यास गुन्हा नव्हता, तरी समानतेचे कलम तिथे आड आले नाही. स्त्रीहक्कांचे गोडवे गाणाऱ्या चरित्रलेखांत हा निकाल सहसा गाळला जातो.

१९६३ मध्ये त्या निवृत्त झाल्या व त्यांच्या जागी व्हिल्ट्राउट रुप-फॉन ब्र्युनेक आल्या. लंडन येथे शेफ्लर यांचे निधन झाले. न्यायालयाच्या दुसऱ्या सेनेटमध्ये पहिली स्त्री त्यानंतर तीन वर्षांनी, १९८६ मध्ये आली.