मार्करचे नाव

मार्च २०१५मध्ये व्यावसायिक स्नूकरची इंडियन ओपन स्पर्धा मुंबईत झाली. अंतिम सामन्यात वेल्सच्या मायकेल व्हाइटने इंग्लंडच्या रिकी वॉल्डनला ५-० असे हरवले. २०१३ साली दिल्लीतल्या अंतिम सामन्याचा निकालही ५-० असाच होता. विजेता चीनचा डिंग जुनहुई, उपविजेता मुंबईचा आदित्य मेहता. मानांकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलेला मेहता हा पहिला भारतीय. उपांत्य फेरीत त्याने स्टीफन मॅग्वायरला ४-३ असे नमवले होते. निकालपत्रकात मात्र दोन्ही ५-० सारखेच दिसतात. इतिहास केवळ निकालांतून वाचू पाहणाऱ्याची पहिली अडचण ही आहे.

दुसरी अडचण अधिक जुनी आहे. हा खेळ १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला, असे मानतात. त्याचे श्रेय नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याकडे जाते. (पुढे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते निराळे.) लष्करी शाळेतल्या नवख्या विद्यार्थ्याला हिणवण्याचा 'स्नूकर' हा शब्द त्याने चेंडू चुकवणाऱ्या सोबत्याला लावला आणि तोच खेळाला चिकटला. पण हे श्रेय प्रस्थापित कसे झाले? १९३८ साली वृद्ध चेंबरलेनने 'द फील्ड' या इंग्लंडमधल्या नियतकालिकाला पत्र लिहिले, म्हणून. त्रेसष्ट वर्षांनी का होईना, त्याला पत्र लिहिता आले आणि ते छापले गेले.

योगायोग असा की बॉम्बे जिमखान्याची स्थापनाही १८७५चीच. सभासद फक्त युरोपियन; भारतीय माणूस आत यायचा तो नोकर म्हणून. अशा क्लबांतल्या बिलियर्ड्सच्या खोलीत जो नोकर असे, त्याला मार्कर म्हणत. गुण मोजायचे, चेंडू पुन्हा जागेवर मांडायचे, आणि साहेबाला जोडीदार नसला तर त्याच्याशी खेळायचेही. टेबलाची चाल त्याच्याइतकी दुसऱ्या कोणाला कळत असेल, असे मला वाटत नाही. प्रत्येक निकाल त्याच्या हातून फळ्यावर चढला. त्याचे स्वतःचे नाव कोणत्याच फळ्यावर नाही.

आम्ही लासलगावकर हे रोज पाहतो. कांद्याचा भाव वर्तमानपत्रात छापून येतो, मापाऱ्याचे नाव येत नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले, हे खरेच. पुण्यात १९२२ साली जन्मलेल्या विल्सन जोन्स या अँग्लो-इंडियन खेळाडूने १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेतेपद मिळवले. वैयक्तिक खेळात जगज्जेता ठरलेला हा पहिला भारतीय. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्याने ते पुन्हा जिंकले. मुंबईच्या मायकेल फरेरा यांचा किस्सा तर अधिक बोलका. १९८१ साली त्यांनी पद्मश्री नाकारली. गावसकरांना पद्मभूषण मिळते, तर जगज्जेत्या बिलियर्ड्सपटूला का नाही, हा त्यांचा सवाल होता. १९८३ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. काहींना तो अहंकार वाटला. मला तो नोंदीवरचा हक्क वाटतो. चेंबरलेनने पत्र लिहून जे मागितले, तेच फरेरांनी नकार देऊन मागितले.

जोन्स ऑक्टोबर २००३मध्ये वारले. त्याच वर्षी पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणीने चीनमध्ये स्नूकरचे हौशी जगज्जेतेपद जिंकले. ही परंपरा आता आपण नावानिशी सांगू शकतो. क्रिकेटवर मराठीत ललित लेखन उदंड झाले; त्या हिरव्या टेबलाभोवतीच्या खोलीकडे आपले गद्य क्वचितच वळले. एखाद्या जुन्या जिमखान्याच्या पगारपत्रकांत मार्करांची नावे अजून असतीलही. विद्यार्थ्यांनी शोध तिथून सुरू करावा.