पाण्याचा जमाखर्च

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४८ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी हा त्याचा विषय, आणि कर्ते होते संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. ‘पर्यावरणाचे अर्थशास्त्र’ हा शब्दप्रयोग तेव्हा रूढ नव्हता. पण निसर्गाने दिलेल्या पाण्याचे मोल कशात मोजायचे, हा त्या शास्त्राचा मूळ प्रश्न या पाहणीच्या मुळाशी होता.

त्याआधी सरकारचे माप साधे होते. पाणीपट्टीतून भांडवलावरचे व्याज सुटले तर काम ‘उत्पादक’, नाही तर ‘संरक्षक’. दख्खनचे कालवे दुसऱ्या वर्गातले. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर ज्वारी-बाजरी वाचवण्याच्या हेतूने अशा कामांचा विचार सुरू झाला आणि १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले. पण चांगल्या पावसाच्या वर्षी जिरायतदार पाणी मागत नसे आणि दुष्काळी वर्षी सगळेच एकदम मागत. कालव्याला दरसाल खात्रीचे गिऱ्हाईक हवे होते. ते उसाच्या रूपाने मिळाले. दुष्काळासाठी अडवलेले पाणी असे बारमाही बागायतीकडे वळले.

सरकारी हिशेबात हे कालवे तोट्याचेच दिसत. गाडगिळांनी हिशेबाची वहीच रुंद केली. पाणी शेतात गेले की मजुराला काम मिळते, गुऱ्हाळे लागतात, बाजारपेठ वाढते, वाहतूक वाढते. यातले काहीच पाणीपट्टीच्या पावतीवर दिसत नाही. समाजाला होणारा लाभ सरकारच्या वसुलीपेक्षा वेगळा मोजला पाहिजे, हे सूत्र आज पाठ्यपुस्तकात सापडते. आपल्याकडे सिंचन प्रकल्पांच्या मंजुरीसाठी वित्तीय परताव्याऐवजी लाभ-खर्चाचे गुणोत्तर आले ते १९६४ मध्ये.

गाडगीळ केवळ मोजणी करून थांबले नाहीत. विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने त्यांनी प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्याचे ते पहिले अध्यक्ष झाले. कालव्याचा अप्रत्यक्ष लाभ खाजगी कंपनीकडे न जाता ऊस पिकवणाऱ्याच्या पदरात पडावा, हा त्यामागचा विचार. पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष असताना राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याचे ‘गाडगीळ सूत्र’ १९६९ मध्ये ठरले. त्यात चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी दहा टक्के वाटा राखलेला होता.

पण लाभाचा रकाना ज्या न्यायाने रुंद झाला, त्याच न्यायाने खर्चाचाही व्हायला हवा. अतिपाण्याने चिबड आणि चोपण झालेली जमीन, धरणाखाली गेलेले गाव, पाटाच्या वरच्या अंगाला कोरडे राहिलेले शिवार, ही नोंदही पावतीवर नसते. सहकाराने साखरेच्या पैशाची वाटणी बदलली, पाण्याची नाही. ज्याचे रान पाटाखाली, त्याचे पाणी, हा नियम तसाच राहिला.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी या नियमालाच हात घातला. त्यांच्या पाणी पंचायतीत पाणी जमिनीच्या नव्हे, कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात मिळे. भूमिहीनालाही हक्क होता, उसाला मात्र बंदी होती. गाडगीळ १९७१ मध्येच निवर्तले होते. त्यांचे चिरंजीव माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला. नद्यांच्या उगमाशी काय राखायचे आणि ते कोणी ठरवायचे, असे त्याचे प्रश्न होते. वडिलांच्या वहीतली दुसरी बाजू जणू त्यात लिहिली गेली.

आजही मराठवाड्यात टँकर धावतात आणि त्याच वेळी ऊस उभा असतो. त्या उसाचे उत्पन्न हिशेबात येते, टँकरमागे उभी असलेली बाई येत नाही. १९४८ च्या अहवालाने घालून दिलेली शिस्त खरोखर पाळायची, तर तिचा ताटकळलेला दिवसही त्या वहीत मांडावा लागेल.