घमेल्यापासून लोडरपर्यंत

ठाणे-बेलापूर रस्त्याने तुर्भ्यावरून जाताना पूर्वेकडे पारसिकचा डोंगर दिसतो. त्याचा उतार ठिकठिकाणी उभा कापलेला आहे. काळ्या दगडाच्या या उघड्या कडा म्हणजे दगडखाणींच्या खुणा. हा दगड दख्खनचा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि या पट्ट्यात कारखाने उभे राहू लागले. १९७० साली सिडको आली. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला, १९९२ साली लोकल वाशीला पोचली आणि २००४ साली ठाण्याहून तुर्भ्यामार्गे वाशीला गाडी धावू लागली. एवढे सगळे उभे करायचे तर काँक्रीटला खडी हवी, रस्त्याला खडी हवी आणि रुळांखालीही खडी हवी.

ही खडी ट्रकमध्ये भरली कशी, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. पण त्याचे उत्तर शोधू लागलो की यंत्रविद्या, पदार्थविज्ञान आणि माणसाच्या जिवाची किंमत या तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

हातांचे युग

सुरुंगाने फुटलेला दगड घणाने फोडायचा, फावड्याने घमेल्यात ओढायचा, घमेले डोक्यावर घ्यायचे आणि ट्रकच्या हौद्यात रिकामे करायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. एका घमेल्यात २० किलो खडी धरली, तर १० टनांचा ट्रक भरायला ५०० घमेली लागतात. प्रत्येक घमेले दीड मीटर उचलायचे तर एका ट्रकमागे १० टन वजन दीड मीटर वर चढते. म्हणजे सुमारे दीड लाख ज्यूल काम. त्यात स्वतःचे शरीर वाकवण्या-उचलण्याचे काम धरलेलेच नाही.

मोठ्या कामांना याच हिशेबाने माणसे लागत. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटाचा रेल्वेमार्ग खोदला गेला. तेव्हा कामाच्या ऐन भरात ४२,००० मजूर तेथे राबत होते. वाफेवर चालणारे खोरे तोवर अज्ञात नव्हते. अमेरिकेत विल्यम ओटिस याने १८३९ सालीच त्याचे पेटंट घेतले होते. पण जेथे माणूस स्वस्त, तेथे यंत्र उशिरा येते.

हाताने भरण्यातही अपघात होतच. दगड पायावर पडे, कपची डोळ्यात जाई, कडा ढासळे. मात्र घमेले उचललेली बाई आणि तिच्या शेजारचा मुकादम एकमेकांना दिसत, एकमेकांची हाक त्यांना ऐकू येई. पुढे यंत्र आल्यावर हेच हरवले.

चाकांवरचे खोरे

वाफेचे खोरे एका जागी उभे राहून गिरकी घेते. त्याच्या पोहोचीएवढे वर्तुळ आखले की धोक्याची जागा ठरते. चाकांचा लोडर वेगळा. तो ढिगात घुसतो, बादली भरतो, मागे येतो, वळतो, ट्रककडे जातो, बादली रिकामी करतो आणि पुन्हा मागे येतो. त्याच्या धोक्याची जागा त्याच्याबरोबर साऱ्या आवारात फिरत असते. शिवाय त्याच्या चालण्यातले जवळजवळ निम्मे चालणे उलटे असते. ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढचा इतिहास उलगडणे सोपे जाईल.

शिकागोच्या फ्रँक हफ यांनी शेतीच्या ट्रॅक्टरला बादली जोडण्यापासून सुरुवात केली. १९३९ साली त्यांनी खास याच कामासाठी बनवलेला छोटा लोडर आणला. त्याची बादली जेमतेम पाव घनमीटरची होती. १९४७ साली त्यांच्या कंपनीने चारही चाकांना शक्ती देणारा लोडर बनवला. बादली उचलायला तेलाच्या दाबाचा उपयोग होऊ लागला. शाळेत शिकवला जाणारा पास्कलचा नियम येथे रोज कामाला येतो. पंप तेलावर दाब देतो, तो दाब नळीतून दट्ट्याच्या रुंद पृष्ठभागावर पोचतो, आणि क्षेत्रफळ जितके मोठे तितके बल मोठे. सामान्य ताकदीच्या माणसाच्या बोटाखालची दांडी हलली की तीन टन दगड वर उचलला जातो.

पहिल्या यंत्रांत एक मोठी उणीव होती. बादली धरणाऱ्या दोन लोखंडी भुजांच्या बिजागऱ्या चालकाच्या आसनामागे असत. भुजा वर-खाली होताना त्याच्या दोन्ही कुशींजवळून जात. त्याने हात किंवा डोके बाहेर काढले आणि त्याच वेळी भुजा हलली, तर सुटका नसे. १९५० च्या दशकात क्लार्क कंपनीच्या मिशिगन लोडरमध्ये आणि १९५९ साली आलेल्या कॅटरपिलरच्या ९४४ या लोडरमध्ये बिजागऱ्या चालकाच्या पुढे नेल्या गेल्या. चालकाला सावध राहायला सांगण्यापेक्षा धोकाच त्याच्यापासून दूर नेणे, हा सुरक्षेचा अधिक पक्का मार्ग आहे.

पण नवी सोय नवा धोकाही आणते. १९५० च्या दशकात मधोमध दुमडणारे लोडर आले. ते पुढच्या चाकांऐवजी कंबरेत वाकून वळतात. त्यामुळे अरुंद जागेत काम होते आणि मागची चाके पुढच्या चाकांच्या मागावरून चालतात. मात्र यंत्र वळले की पुढच्या आणि मागच्या सांगाड्यांमधली फट कात्रीसारखी मिटते. चालकाशी बोलायला कुणी चाकाजवळ उभा राहिला असेल, तर तो नेमका त्या फटीत सापडतो. म्हणून दुरुस्तीच्या वेळी दोन्ही सांगाडे एकमेकांना जखडून टाकणारा लोखंडी दांडा या यंत्रांना दिलेला असतो. तो न लावता आत वाकणे म्हणजे उघड्या अडकित्त्यात हात घालणे.

तराजू आणि तिपाई

लोडर कशामुळे उलटतो, हे समजायला तराजू पुरेसा आहे. पुढची चाके हा टेकू. एका बाजूला यंत्राचे वजन, दुसऱ्या बाजूला बादलीतला माल. समजा, यंत्राचे वजन १० टन आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या आसाच्या दीड मीटर मागे आहे. माल आसाच्या २ मीटर पुढे आहे. तर १० गुणिले १.५ भागिले २, म्हणजे साडेसात टन माल घेताच मागची चाके जमीन सोडतील. दुमडणारे यंत्र वळते तेव्हा मागचा भाग बाजूला सरकतो आणि दीड मीटरचे अंतर कमी होते. ते १.२ मीटर झाले असे धरले, तर उलटायला ६ टन पुरतात. म्हणून चाकांच्या लोडरला, यंत्र पूर्ण वळलेले असताना ज्या वजनाने ते उलटेल त्याच्या निम्मेच ओझे द्यावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. आपल्या उदाहरणात ते ३ टन. उरलेला निम्मा वाटा खड्डे, उतार आणि अचानक लावलेला ब्रेक यांच्यासाठी राखलेला.

फुटलेल्या बेसॉल्टच्या खडीची राशीतली घनता दर घनमीटरला सुमारे १.६ टन असते. पावणेदोन घनमीटरची बादली भरली की २.८ टन होतात, म्हणजे मर्यादेच्या आत. त्याच बादलीवर हावेने शीग चढवली, तर मर्यादा मोडायला वेळ लागत नाही.

आडवे कलंडणे याहून फसवे आहे. खडबडीत जमिनीवर चारही चाके टेकावीत म्हणून मागचा आस मधल्या खिळीवर डोलता ठेवलेला असतो. त्यामुळे यंत्र चार पायांवर उभे दिसले, तरी कलंडण्याच्या दृष्टीने ती तिपाई असते. दोन पुढची चाके आणि मागची खिळी हे तिचे तीन पाय. रिकाम्या यंत्राचा गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटरवर आहे असे धरू. ३ टनांची बादली जमिनीलगत, अर्ध्या मीटरवर ठेवली, तर दोहोंचा मिळून गुरुत्वमध्य सुमारे ०.९ मीटरवर येतो. तीच बादली साडेतीन मीटरवर उचलली, तर तो जवळजवळ १.६ मीटरवर जातो. आपल्या यंत्राच्या चाकांत साधारण नेहमीची अंतरे धरली, तर बादली खाली असताना ते स्थिर उभे राहून सुमारे ३९ अंशांचा आडवा उतार सोसते आणि बादली वर असताना फक्त २४ अंशांचा. ताशी १८ किलोमीटर वेगाने ८ मीटर त्रिज्येचे वळण घेतले, तर त्याचा परिणाम जवळजवळ १८ अंशांच्या उतारासारखा होतो. जमीन बाहेरच्या बाजूला आणखी ८ अंश कललेली असेल, तर बेरीज २६ होते आणि उचललेल्या बादलीचे यंत्र कलंडते. ‘माल नेताना बादली खाली ठेवा’ या सूचनेमागे एवढा हिशेब आहे.

यंत्र कलंडताना चालक सहज बाहेर उडी मारायला जातो आणि यंत्राखालीच सापडतो. स्वीडनमध्ये १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांना डोक्यावरचा मजबूत सांगाडा सक्तीचा झाला. अमेरिकेत बांधकामावरच्या लोडरांना सप्टेंबर १९७२ पासून बनलेल्या यंत्रांसाठी तो बंधनकारक झाला. पण चालकाने पट्टा बांधला नसेल, तर तो सांगाड्याबाहेर फेकला जातो आणि सांगाडा निरुपयोगी ठरतो.

मागे कोण आहे?

हा सारा इतिहास चालकाला वाचवण्याचा आहे. जमिनीवरच्या माणसाचा प्रश्न जास्त काळ रेंगाळला. यंत्र जसजसे मोठे झाले, तसतशी चालकाच्या पाठीमागे इंजिनाची उंच पेटी आली. तिच्या आडोशाला उभा असलेला माणूस त्याला दिसत नाही. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. चालकाला धोका उमजून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो. म्हणजे ५ मीटर अंतर नुसते उमजण्यात संपते. सैल खडीवर थांबायला आणखी चारेक मीटर लागतात. नऊ मीटरांच्या आत मागे कुणी असेल, तर चालकाचे कौशल्य त्याला वाचवू शकत नाही.

१९६० च्या दशकात जपान आणि अमेरिकेत उलटे जाताना ‘पीं-पीं’ वाजणारे भोंगे बनू लागले. त्यांचीही मर्यादा आहे. आवाज कुठल्या बाजूने येतो हे मेंदू दोन कानांमधल्या वेळेच्या आणि तीव्रतेच्या फरकावरून ओळखतो. एकाच कंप्रतेच्या आवाजात हा अंदाज चुकतो. अनेक कंप्रता मिसळलेला ‘खस्स’ असा आवाज जास्त अचूक दिशा सांगतो, म्हणून अलीकडे तशा आवाजाचे भोंगेही वापरात आले आहेत. शिवाय दगडफोडीच्या यंत्राच्या खडखडाटात कुठलाही भोंगा बुडून जाऊ शकतो. आणि आवारात दिवसभर पाच यंत्रे वाजत असतील, तर कान ते ऐकेनासेच होतात.

कायदा कधी आला?

दगडखाणींना १९५२ चा खाण कायदा लागू होता आणि कारखान्यांना १९४८ चा कारखाना कायदा होता. बांधकामावरच्या मजुराच्या सुरक्षेसाठी देशभर लागू होणारा स्वतंत्र कायदा मात्र १९९६ साली झाला. केंद्राचे नियम १९९८ साली आले, महाराष्ट्राचे २००७ साली. सिडकोच्या स्थापनेपासून मोजले, तर नव्या मुंबईची पहिली २६ वर्षे या कायद्याविना गेली आणि ३७ वर्षे राज्याच्या नियमांविना. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावून घेतला गेला.

१९९८ च्या नियमांत माती-दगड हलवणाऱ्या यंत्रांना चांगले ब्रेक, मागचे दिवे, उलट जाण्याचा भोंगा आणि पुढे-मागे प्रकाशझोत असावा असे सांगितले होते. हे सर्व यंत्राला बसवता येते. जे बसवता येत नाही ते आवाराच्या आखणीत करावे लागते. माणसांची वाट आणि यंत्राची वाट वेगळी हवी. मध्ये नुसती दोरी बांधून भागत नाही, पक्का अडथळा लागतो. ट्रक अशा जागी उभा करावा की लोडरला कमीत कमी उलटे जावे लागेल. इशारा देणारा माणूस एकच असावा. तो चालकाला दिसेनासा झाला की चालकाने यंत्र जागीच थांबवावे. बादलीत माणूस कधीही उचलू नये. काम संपले की बादली जमिनीवर टेकवावी, कारण वर राहिलेली बादली तेलाच्या दाबावर तोललेली असते आणि नळी फुटली की ती खाली येते.

यातल्या बऱ्याच गोष्टींना फारसा खर्च नाही. चुन्याच्या फक्कीच्या रेघा, चार पिंपे, एक शिट्टी आणि काम सुरू करण्यापूर्वीची दहा मिनिटे एवढे लागते. तरीही हे राहून जाते, कारण ट्रक मोजले जातात आणि टळलेले अपघात कुणी मोजत नाही. पूर्वी ५०० घमेल्यांचे काम आता चार बादल्यांत होते. त्यातून वाचलेल्या वेळातली दहा मिनिटे आखणीला मागणे, हे काही फार मागणे झाले नाही.

वर्गात करून पाहा

शाळेच्या मैदानात एखादा टेम्पो किंवा बस उभी करा. इंजिन बंद, किल्ली शिक्षकांच्या खिशात. एक विद्यार्थी चालकाच्या जागी बसेल, दुसरा गाडीभोवती फिरेल. तो जेथे जेथे आरशातूनही दिसत नाही, तेथे खडूने खूण करा आणि खुणा जोडा. मग त्या आकृतीचे क्षेत्रफळ आलेखाच्या कागदावर मोजा. दुसरा प्रयोग आवाजाचा. विद्यार्थ्याचे डोळे बांधून एकदा एकसुरी शिट्टी आणि एकदा कोरड्या वाळूचा डबा वेगवेगळ्या दिशांनी वाजवा आणि त्याला बोट दाखवायला सांगा. दहा-दहा वेळा करून चुका मोजा.

ज्या शाळांच्या शेजारी बांधकाम चालू आहे, त्यांनी तिसरी गोष्टही करावी. शाळेत येण्याची वाट आणि यंत्रांची वाट कुठे एकमेकींना छेदतात, याचा नकाशा मुलांकडून काढून घ्यावा आणि तो त्या कामावरच्या पर्यवेक्षकाला नेऊन दाखवावा.