जिंकणारा संघ बंद का पडतो? स्विंडन रॉबिन्सची गोष्ट

२०१९ साली इंग्लंडमधल्या स्विंडन शहराच्या ‘रॉबिन्स’ या स्पीडवे संघाने देशातली सर्वात वरची लीग जिंकली. त्यानंतर हा संघ आपल्या मैदानावर एकही हंगाम खेळला नाही. असं का झालं, हा आजचा प्रश्न. मोटरसायकलींमध्ये तुम्हाला रस नसला तरी चालेल. ‘कारण’ शोधताना आपण संशोधक कुठे घसरतो, ते या उदाहरणात स्वच्छ दिसतं.

आधी खेळ थोडक्यात. स्पीडवेचा ट्रॅक लंबगोल आणि भुसभुशीत मातीचा असतो. एका शर्यतीत चार स्वार, चार फेऱ्या. गाडीला ५०० सीसीचं, मिथेनॉलवर चालणारं इंजिन, एकच गिअर, आणि ब्रेक अजिबात नाही. वळणावर स्वार मागचं चाक मुद्दाम घसरवतो आणि त्या घसरण्यातूनच गाडी वळवतो. पहिल्याला ३ गुण, मग २, १ आणि शेवटच्याला शून्य. अशा शर्यतींच्या गुणांची बेरीज करून संघ जिंकतो.

स्विंडन हे लंडनच्या पश्चिमेचं, रेल्वेच्या कारखान्यामुळे वाढलेलं शहर. शहराबाहेर ब्लन्सडन इथे १९४९ मध्ये रॉबिन्स सुरू झाले. १९५७ आणि १९६७ मध्ये त्यांनी लीग जिंकली. न्यूझीलंडचा बॅरी ब्रिग्ज १९६४ आणि १९६६ मध्ये विश्वविजेता झाला, तेव्हा तो याच संघाकडून खेळत होता. त्या दोन्ही वर्षी बीबीसीच्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या निवडीत तो दुसरा आला. १९६६ मध्ये पहिला होता फुटबॉलचा विश्वचषक जिंकणारा कर्णधार बॉबी मूर! म्हणजे हा खेळ तेव्हा कोपऱ्यातला नव्हता. पुढे २०१२, २०१७ आणि २०१९ मध्ये रॉबिन्स पुन्हा विजेते ठरले. २०१७ चा विश्वविजेता, ऑस्ट्रेलियाचा जेसन डॉयल, हाही त्यांचाच.

आता संघ बंद का पडला? सहज सुचणारी उत्तरं एकेक करून तपासू.

पहिलं उत्तर: गावाचा उद्योग बुडाला, म्हणून संघ बुडाला. ऐकायला पटतं. पण रेल्वेचा कारखाना बंद झाला १९८६ मध्ये, आणि रॉबिन्सचा शेवटचा हंगाम २०१९ चा. मध्ये ३३ वर्षं आहेत. कारण आणि परिणाम यांत एवढं अंतर असेल, तर मधला दुवा दाखवण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर येते.

दुसरं उत्तर: खेळाची लोकप्रियता घटली. ती खरंच घटली. पण ती सगळ्या ब्रिटनमध्ये घटली. त्यातून दुबळे संघ का गेले ते कळेल. विजेता संघच का गेला, ते कळत नाही.

तिसरं उत्तर: कोविड. हे सर्वात मोहात पाडणारं, कारण तारखा अगदी जुळतात. २०२० चा लीग हंगाम रद्दच झाला. पण तो सगळ्यांचाच झाला. २०२१ मध्ये वरच्या लीगमध्ये सहा संघ परतले: बेल व्ह्यू, इप्सविच, किंग्ज लिन, पीटरबरो, शेफील्ड, वुल्वरहॅम्प्टन. स्विंडन परतलं नाही. इथे थांबून एक वाक्य वहीत लिहून ठेवा: जी गोष्ट सगळ्यांना समान आहे, ती त्यांच्यातला फरक समजावू शकत नाही.

मग फरक कशात होता? जागेत. ब्लन्सडनचं स्टेडियम संघाच्या मालकीचं नव्हतं. तिथे घरं बांधायची आणि स्टेडियमही नव्याने उभारायचं, अशा योजना कितीतरी वर्षं रेंगाळल्या होत्या. मैदानाचं काय होणार हे ठरत नव्हतं, म्हणून २०२१ चा हंगाम गेला. आणि २०२२ मध्ये संघ तिथे परतणार नाही हे जाहीर झालं. कोविडने एवढंच केलं की आधीच लोंबकळत असलेल्या प्रश्नावर शर्यती चालू असल्याचं जे पांघरूण होतं, ते काढून घेतलं.

एका उदाहरणावरून नियम काढायचा नाही, म्हणून पुढे बघू. पीटरबरो २०२१ चा विजेता. २०२३ नंतर त्यांचं मैदान गेलं, जागेच्या पुनर्विकासाच्या योजनेपायी. वुल्वरहॅम्प्टनलाही २०२३ नंतर स्टेडियमच्या मालकांनी मैदान देणं थांबवलं. पण फक्त बंद पडलेले संघ गोळा केले तर आपण स्वतःलाच फसवू. टिकलेलाही बघायला हवा. मँचेस्टरच्या बेल व्ह्यूसाठी महापालिकेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये नवं स्टेडियम उभं राहिलं. ट्रॅक नीट नसल्यामुळे उद्घाटनाची लढतच पुढे ढकलावी लागली, नंतर संघ चालवणारी मंडळीही बदलली. इतकं होऊनही संघ टिकला आणि २०२२ मध्ये लीग जिंकला.

अर्थात, चार संघांवरून सिद्धांत होत नाही. दुसऱ्याच्या जागेवर खेळणारा प्रत्येक संघ बंद पडतो असंही नाही. रॉबिन्सनीच तशी अनेक वर्षं काढली. म्हणून आपलं विधान मर्यादित ठेवू: ट्रॅकवरची कामगिरी आणि संघाचं टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी जागेवरचा हक्क बघावा लागतो.

शेवटचा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. रॉबिन्सच्या इतिहासातले विजय शोधायला तुम्हाला फार वेळ लागणार नाही, कारण गुणतक्ते चाहत्यांनी जिवापाड जपलेले असतात. भाडेकरार कुणी फ्रेम करून भिंतीवर लावत नाही. त्यामुळे सहज हाती लागणाऱ्या साधनांवरून लिहिलेला इतिहास आपोआप करंडकांचा होतो, आणि संघ गेला की तो इतिहास गप्प बसतो. तुमच्या विषयातही असंच काहीतरी असेल: भरपूर मोजलेलं एक, आणि न मोजलेलं पण निर्णायक असं दुसरं. विषय पक्का करण्याआधी दोन याद्या करा. माझ्याकडे कशाची नोंद आहे? आणि माझ्या प्रश्नाला कशाची नोंद हवी आहे? या दोन याद्यांमध्ये जे अंतर सापडेल, बहुतेक वेळा तुमचं खरं काम तिथेच असतं.