समुद्र ओलांडला, वेस राहिली

परदेशस्थ भारतीयांचे सांस्कृतिक जीवन हा आपल्या वृत्तपत्रांचा आवडता विषय आहे. लंडनची दिवाळी, न्यू जर्सीचा गणपती, टोरांटोची वैशाखी यांची छायाचित्रे छापून येतात आणि सोबतच्या मजकुराचा सूर एकच असतो: आपली माणसे परमुलखात गेली, पण संस्कृती विसरली नाहीत. हे खरेच आहे. संस्कृती विसरली नाहीत म्हणून जातही विसरली नाहीत. पण ‘समाजाचा अभिमान’ असे म्हणताना समाज कोणता आणि अभिमान कशाचा, हे दोन प्रश्न विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. मला ते इथे विचारायचे आहेत. त्यासाठी पंजाबातून बाहेर पडलेल्या चर्मकार समाजाचा शंभर वर्षांचा इतिहास पाहावा लागेल. महाराष्ट्रातील चळवळीच्या अभ्यासात तो फारसा येत नाही.

१९१६ साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा हवाला देऊन त्यांनी त्यात एक इशारा दिला होता. हिंदू लोक पृथ्वीच्या इतर भागांत जाऊन राहू लागले तर जात हा साऱ्या जगाचा प्रश्न होईल, असा त्याचा आशय. त्याच्या सात वर्षे आधी, १९०९ साली, होशियारपूर जिल्ह्यातील मुगोवाल गावचा एक अस्पृश्य तरुण अमेरिकेला गेला होता. त्याचे नाव मंगू राम. जन्म १८८६ चा. बापाचा धंदा चामड्याचा. शाळेत हा मुलगा वर्गाबाहेर बसून शिकला. पंजाबात १९०० साली जमीन हस्तांतरणाचा कायदा झाला होता. त्याने सरकारने ठरवलेल्या शेतकरी जातींखेरीज इतरांना शेतजमीन विकत घेण्याचा मार्ग जवळजवळ बंद केला. म्हणजे चर्मकाराने पैसा मिळवला तरी त्याला गावात जमीन घेता येत नव्हती.

कॅलिफोर्नियाच्या फळबागांत मंगू राम मजूर झाले. तिथेही १९१३ साली आशियाई लोकांना जमिनीची मालकी नाकारणारा कायदा झाला. फरक इतकाच, की तिथे हा बहिष्कार जाटावरही होता आणि चर्मकारावरही. गावात ज्यांच्या विहिरीला शिवता येत नव्हते, ते इथे गोऱ्याच्या नजरेत आपल्यासारखेच ‘हिंदू कुली’ ठरले होते. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोहून ‘गदर’ साप्ताहिक निघू लागले आणि मंगू राम गदर चळवळीत गेले. १९१५ साली हिंदुस्थानात शस्त्रे पोचवण्यासाठी निघालेल्या गटात ते होते. तो बेत फसला. त्यांची पुढची अनेक वर्षे फिलिपाइन्समध्ये गेली आणि १९२५ साली ते गावी परतले.

गदरमध्ये त्यांना बरोबरीची वागणूक मिळाली. पण ती बरोबरी परक्या भूमीवर, एका कामापुरती होती. गावी परत आल्यावर दिसले, की वेस जागच्या जागी आहे. इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलायला निघालेला माणूस स्वतःच्या गावात अस्पृश्यच होता. स्वराज्याच्या आधी माणूसपणाचा प्रश्न आहे, हा निष्कर्ष त्यांना कोणा पुस्तकातून काढावा लागला नाही. दोन देशांतील दोन बहिष्कार त्यांनी अंगावर घेतले होते.

जून १९२६ मध्ये मुगोवालला परिषद भरली आणि आदि धर्म मंडळाची चळवळ उभी राहिली. आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, शीख नाही. आम्ही या भूमीचे मूळ रहिवासी आहोत, असा तिचा दावा होता. दक्षिणेत आदि द्रविड, आदि आंध्र आणि संयुक्त प्रांतात स्वामी अछूतानंदांची आदि हिंदू चळवळ यांची भूमिका अशीच होती. तिच्यामागे जोतीरावांची मांडणीही आपल्याला ओळखता येते. आदि धर्माने चार गुरू मानले: रविदास, वाल्मीकी, कबीर आणि नामदेव. या यादीकडे नीट पाहावे. चर्मकार, भंगी, विणकर, शिंपी असे निरनिराळ्या श्रमांचे लोक या चार नावांखाली एकत्र आणलेले आहेत, आणि त्यातले एक नाव पंढरपूरचे आहे. १९३१ च्या जनगणनेत पंजाबात ४,१८,७८९ लोकांनी आपला धर्म ‘आदि धर्म’ असा लिहवला. स्वतःचे नाव स्वतः ठेवण्याचे हे धाडस होते. गोलमेज परिषदेच्या काळात अस्पृश्यांचा प्रतिनिधी कोण हा वाद पेटला, तेव्हा बाबासाहेबांच्या बाजूने तारा पाठवणाऱ्यांत आदि धर्म मंडळ होते.

दुसरा टप्पा इंग्लंडचा. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः पन्नास आणि साठच्या दशकांत, जालंधर-होशियारपूरच्या दोआबातून हजारो लोक तिथे गेले. वुल्व्हरहॅम्प्टन आणि बर्मिंगहॅमच्या ओतशाळा, बेडफर्डचे विटांचे कारखाने, साउथॉलचे कारखाने ही त्यांची कामाची ठिकाणे. भट्टीपुढे जाट आणि चर्मकार शेजारी शेजारी उभे राहिले आणि पगारही सारखाच घेऊ लागले. भाड्याची खोली नाकारणाऱ्या गोऱ्या घरमालकानेही दोघांत भेद केला नाही. भेद सुरू झाला तो रविवारी. गुरुद्वारा जातीजातींचा झाला. ज्या धर्मग्रंथात संत रविदासांची पदे आहेत, त्या ग्रंथापुढे बसणाऱ्यांत रविदासांच्या जातीचा माणूस मात्र खालचा राहिला.

म्हणून श्री गुरु रविदास सभा उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे केवळ भक्तीच्या जागा म्हणून पाहणे चूक होईल. ओतशाळेतल्या पगारातून वर्गणी काढून त्या उभारलेल्या आहेत. कोणाला नोकरी हवी, कोणाचा कागद वाचून हवा, कोणाच्या मुलीचे लग्न, कोणाच्या घरी मयत, हे सारे तिथे पाहिले जाते. रविदास जयंती तिथे मोठ्या थाटात होते. लंगरच्या भांड्याला हात लावताना कोणी जात विचारत नाही. ज्याला दुसऱ्याच्या पंगतीत संकोचाने बसावे लागत होते त्याने स्वतःची पंगत मांडली. सांस्कृतिक जीवन म्हणतात ते हेच.

त्याच शहरांत आंबेडकरवादी आणि बौद्ध संघटनाही वाढल्या. बाबासाहेब ऑक्टोबर १९५१ मध्ये जालंधरला गेले होते. पुढे लाहोरी राम बाली यांनी त्याच शहरातून ‘भीम पत्रिका’ चालवली. तो विचार दोआबातल्या माणसांबरोबर इंग्लंडला पोचला. १९८३ साली भगवान दास यांनी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उपआयोगापुढे अस्पृश्यतेचा प्रश्न मांडला. तेव्हापासून हा ‘भारताचा घरगुती मामला’ राहिला नाही.

सवर्ण परदेशस्थांचे म्हणणे असे, की तिकडे जात उरलेली नाही. प्रश्न विचारणारेच ती जागी करतात. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्यानेही विचारले, ‘सर, तिकडे जात कळते कशी?’ ती कळते आडनावावरून, गावावरून, कोणत्या गुरुद्वाऱ्यात जाता यावरून आणि लग्नाच्या जाहिरातीवरून. ब्रिटनच्या संसदेने २०१० च्या समानता कायद्यात जातीचा समावेश करण्याची तरतूद ठेवली आणि २०१३ मध्ये तो सरकारवर बंधनकारक केला. हिंदू संघटनांनी कडाडून विरोध केला. जुलै २०१८ मध्ये सरकारने माघार घेतली आणि आधीच्या न्यायनिर्णयांवर भिस्त ठेवली. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले तसे विधेयक तिथल्या गव्हर्नरांनी नाकारले. जात उरलीच नसेल, तर तिच्याविरुद्धच्या कायद्याची एवढी भीती का?

जात उरली आहे याचा रक्तरंजित पुरावा २४ मे २००९ ला व्हिएन्नात मिळाला. तिथल्या रविदास मंदिरात डेरा सचखंड बल्लांच्या संतांवर हल्ला झाला. संत रामानंद मरण पावले, संत निरंजन दास जखमी झाले. त्या रात्रीपासून जालंधर आणि पंजाबची इतर शहरे पेटली, संचारबंदी लावावी लागली. पुढच्या रविदास जयंतीला, ३० जानेवारी २०१० रोजी, वाराणसीजवळच्या सीर गोवर्धनपूर येथे रविदासिया हा स्वतंत्र धर्म जाहीर झाला. ‘अमृतबाणी गुरु रविदास’ हा त्याचा ग्रंथ. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये ११ हजारांवर लोकांनी आपला धर्म ‘रविदासिया’ असा लिहिला. १९३१ ची कृती ऐंशी वर्षांनी दुसऱ्या देशात पुन्हा घडली.

इथे आनंद वाटतो, आणि इथेच मला थांबून विचार करावासा वाटतो. जालंधरची गिन्नी माही ‘डेंजर चमार’ हे गाणे गाते आणि ते परदेशातही ऐकले जाते. शिवी म्हणून फेकलेला शब्द झेंड्यासारखा उंच धरणे हा विद्रोहच आहे; त्याला नाक मुरडण्याचा अधिकार सवर्णांना नाही. पण आपल्याला एक प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. १९२६ च्या आदि धर्मात चार गुरू होते. १९४६ मध्ये त्या मंडळाचे रविदास मंडळ झाले आणि २०१० च्या धर्माला रविदासांचेच नाव मिळाले. वाल्मीकी समाजाची मंदिरे वेगळी, बौद्धांचे विहार वेगळे. रविदासियांतही गुरु ग्रंथ साहिब ठेवावा की अमृतबाणी, यावरून तट पडले. अपमानाविरुद्ध उभा राहिलेला अभिमान जातीच्या वेशीशी येऊन थांबला, तर त्याने व्यवस्थेला हवी तीच चौकट सजवली असे होते.

हे दूरच्या लोकांना सांगण्याआधी घरात पाहावे. रविदास आपल्याकडे रोहिदास झाले. सीताराम शिवतरकर आणि पां. ना. राजभोज चर्मकार समाजातून बाबासाहेबांच्या चळवळीत आले. तरीही आज रोहिदास जयंती एका वस्तीत, भीमजयंती दुसऱ्या वस्तीत आणि अण्णा भाऊंची जयंती तिसऱ्या वस्तीत होते, आणि आपण एकमेकांच्या मिरवणुकीत किती चालतो हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. वुल्व्हरहॅम्प्टनची फाटाफूट समजायला विमानाचे तिकीट लागत नाही.

संत रविदासांनी ‘बेगमपुरा’ नावाच्या नगराची कल्पना केली. त्या नगरात दुःख नाही, कर नाही, कोणाला कुठे जायची बंदी नाही. ते नगर एका जातीचे नाही. अमेरिकेत मेरीलँडमध्ये १४ ऑक्टोबर २०२३ रोजी बाबासाहेबांचा भव्य पुतळा उभा राहिला, याचा अभिमान जरूर असावा. पण पुतळ्याखाली निरनिराळ्या जातींचे दलित एकत्र जमले आणि तिथून उठून एकमेकांच्या घरी सोयरीक जोडायला गेले, तरच तो अभिमान खरा. मंगू राम यांना परदेशाने संस्कृतीचा गौरव शिकवला नाही; बरोबरीने जगता येते हे दाखवले. परतताना त्यांनी सोबत आणले ते एवढेच, आणि त्यावर एक चळवळ उभी राहिली. आपल्या अभिमानाचे मोजमाप यापुढे या एकाच मापाने व्हावे.