मठांतील सूर आणि यंत्राचा ठेका

इ. स. १९७६ या एकाच वर्षीं युरोपांत दोन गोष्टी घडल्या. एकमेकींशीं त्यांचा कांहींएक संबंध नव्हता. म्युनिक येथील 'कापेला आंतीक्वा' या गायकवृंदाची, ईस्टरच्या पर्वांतील जुन्या लॅटिन स्तोत्रांची 'पास्काले मिस्तेरियुम' नांवाची ध्वनिमुद्रिका त्या वर्षाची. आणि लंडनमध्यें 'थ्रॉबिंग ग्रिसल' या चौघां कलावंतांच्या मेळानें 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्‌स' ही स्वतःची कंपनी काढून यंत्रांची घरघर, ध्वनिफितींचे तुकडे आणि विजेच्या उपकरणांचे कर्कश आवाज हेंच संगीत म्हणून लोकांपुढें मांडलें तेंही त्याच वर्षीं. पुढें १९८० मध्यें बर्लिनच्या एका मेळानें भोंकें पाडण्याचीं यंत्रें व लोखंडाचें भंगार हींच वाद्यें म्हणून रंगमंचावर आणलीं. एक गाणें हजार वर्षांचें जुनें, दुसरें यंत्रयुगाच्या उदरांतून नुकतेंच बाहेर पडलेलें. हीं दोन टोकें कधीं काळीं जवळ येतील असें त्या वेळीं कोणीं म्हटलें असतें, तर मठांतले आणि कारखान्यांतले असे दोन्हीकडचे लोक त्याला हंसले असते.

तथापि चौदा वर्षांनीं, ३ डिसेंबर १९९० रोजीं, 'एनिग्मा' या नांवानें एक पहिलीवहिली ध्वनिमुद्रिका बाहेर पडली व तिच्यांत लॅटिन स्तोत्राच्या खालीं यंत्राचा ठेका एकसारखा वाजत होता. तिचें नांवही मोठें विलक्षण : रोमन अंकांत लिहिलेलें १९९० हें साल आणि पुढें ख्रिस्तशकाचीं दोन अक्षरें, एवढेंच. तिच्यांतील ठेका भंगारांतल्या लोखंडाचा नव्हता. तो नाचघरांतला, गुळगुळीत व मंद होता. परंतु ध्वनीचा तुकडा कापावा, तो यंत्रांत भरावा व हवा तेथें हव्या तितक्या वेळां वाजवावा, ही रीत त्या दुसऱ्या घराण्याचीच.

या मिश्रणांत काय जुळलें व काय तुटलें हें समजावयाचें तर आधीं तें स्तोत्रगान काय आहे हें पाहिलें पाहिजे. त्याला 'ग्रेगोरियन' म्हणतात तें पोप पहिले ग्रेगरी (कारकीर्द ५९० ते ६०४) यांच्यावरून. पवित्र आत्मा कबुतराच्या रूपानें त्यांच्या खांद्यावर बसून कानांत स्वर सांगत असे आणि लेखनिक ते उतरून घेत असे, अशी आख्यायिका मध्ययुगीन चित्रांतून वारंवार दिसते. आख्यायिका गोड आहे, पण संशोधक ती मानीत नाहींत. रोमचें गायन आणि फ्रँक लोकांच्या देशांतील गायन यांच्या मिलाफांतून, पेपिन व शार्लमेन यांच्या अमदानींत, म्हणजे आठव्या-नवव्या शतकांत, हें गान आकारास आलें असें आतां सर्वसाधारणपणें समजतात. प्रथम तें केवळ मुखोद्गत असे. नवव्या शतकापासून शब्दांच्या डोक्यावर लहान लहान खुणा दिसूं लागल्या. त्या स्वराची चढउतार सांगत, नेमका स्वर सांगत नसत. रेघांवर स्वर मांडण्याची पद्धति अकराव्या शतकांत आरेत्सोच्या ग्वीदोनें रूढ केली.

आपल्याकडील श्रोत्याला हें गान युरोपच्या इतर संगीताहून अधिक जवळचें वाटावें. त्यांत अनेक स्वर एकाच वेळीं लावण्याचा प्रकार नाहीं. सर्वजण एकच स्वरावलि गातात. आठ स्वरमेळांचें त्याचें शास्त्र थाटांची आठवण करून देतें. आणि मुख्य गोष्ट ही कीं त्याला ताल नाहीं. शब्दाचें वजन आणि गाणाराचा श्वास जेथें नेईल तेथें तें जातें. आपल्या शास्त्रकारांच्या भाषेंत बोलावयाचें तर तें अनिबद्ध गान आहे.

हा मुक्त लय मधल्या शतकांत जवळजवळ नाहींसा झाला होता. स्वर जड झाले, छापील ग्रंथांत मोठाले आलाप छाटून टाकण्यांत आले. त्याचा जीर्णोद्धार झाला तो फ्रान्समधील सोलेम या मठांत. राज्यक्रांतींत ओस पडलेला हा मठ प्रॉस्पेर गेरांजे यांनीं १८३३ सालीं पुन्हां वसविला. त्यांचे शिष्य देशोदेशींच्या ग्रंथालयांतून जुनीं हस्तलिखितें मिळवून एकेका स्तोत्राचे पाठ ताडून पाहूं लागले. पोतिये यांचा स्तोत्रसंग्रह १८८३ मध्यें निघाला. मोकेरो यांनीं १८८९ पासून हस्तलिखितांच्या छायाचित्रांची माला सुरू केली, म्हणजे वाद घालणारास मूळ पानच दाखवितां यावें. १९०१ सालीं फ्रान्समधील कायद्यामुळें या साधूंना देश सोडून इंग्लंडच्या वाइट बेटावर जावें लागलें. ते परतले १९२२ मध्यें. पण मधल्या काळांत काम थांबलें नाहीं. पोप दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ च्या आज्ञापत्रानें हेंच गान चर्चचें आदर्श गान ठरविलें. १९३० सालीं गाजार यांच्या नेतृत्वाखालीं सोलेमच्या मठवासीयांचें गायन तबकड्यांवर उतरलें, आणि मठाबाहेरच्या जगाला तें घरबसल्या ऐकूं येऊं लागलें.

मग १९६२ ते १९६५ ची दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. परिषदेच्या ठरावांत ग्रेगोरियन गानाला मानाचें स्थान दिलें आहे. परंतु उपासना लोकांच्या भाषेंत करण्याची मोकळीक मिळतांच लॅटिन गान भराभर मागें पडलें. वसईच्या चर्चमधून मराठी आणि गोव्याच्या चर्चमधून कोंकणी उपासना रूढ झाली ती या परिषदेनंतरच. भाविकांच्या दृष्टीनें हा लाभच होता, यांत वाद नाहीं. पण त्याचा एक परिणाम असा झाला कीं १९९० च्या सुमारास वयांत आलेल्या युरोपीय तरुणानें हें गान देवळांत फारसें ऐकलेलेंच नव्हतें. त्याच्या कानांना तें पुराणें नव्हे, तर अगदीं नवें वाटलें. एनिग्माच्या यशाचें अर्धें रहस्य येथें आहे.

या मुद्रिकेचा कर्ता मिखाएल क्रेत्सू हा १९५७ सालीं बुखारेस्ट येथें जन्मला व संगीताचें शिक्षण पुढें फ्रँकफुर्ट येथें पुरें करून जर्मनींत स्थिरावला. मुद्रिकेवर त्यानें खरें नांव दिलें नाहीं. 'कर्ली एम्. सी.' असें टोपणनांव घेतलें. रुमानियन भाषेंत त्याच्या आडनांवाचा अर्थ 'कुरळ्या केसांचा' असाच आहे. सहकारी फ्रांक पेटर्सन यानेंही 'एफ्. ग्रेगोरियन' असें नांव लाविलें. इबिझा बेटावरील क्रेत्सूच्या ध्वनिमुद्रणगृहांत सुमारें आठ महिने काम चाललें. मारिया कालास या थोर गायिकेचा, ती १९७७ मध्यें निवर्तली असतांही, आवाज एका गीतांत आला. बांसरीचा जो दाट, फुंकर मिसळलेला स्वर सर्वत्र ऐकूं येतो, तो जपानी शाकुहाची वाद्याचा. पण कोणी वादक तेथें बसलेला नव्हता, तो यंत्रांत आधींच सांठविलेला होता.

पहिलें गीत 'सेडनेस' हें ऑक्टोबर १९९० मध्यें स्वतंत्रपणें निघालें. त्यांतील लॅटिन शब्द झांवळ्यांच्या रविवारच्या मिरवणुकीचे आहेत : शांततेनें पुढें चालावें, देवदूत व बालकें यांच्यासह आपण श्रद्धावंत ठरावें, द्वारें उघडावींत. त्यांच्या मधोमध क्रेत्सूची त्या वेळची पत्नी सांद्रा ही फ्रेंच भाषेंत कुजबुजत मार्की द साद या अठराव्या शतकांतील कुप्रसिद्ध लेखकाला प्रश्न विचारते. धर्मनिष्ठांना हें रुचण्यासारखें नव्हतेंच. बाजारांत मात्र तें जर्मनींत व जानेवारी १९९१ मध्यें इंग्लंडांत पहिल्या क्रमांकावर गेलें. अमेरिकेंत पांचव्यापर्यंत चढलें.

संगीतदृष्ट्या काय घडलें? ठेका सम दाखवितो आणि स्तोत्र समेची पर्वा करीत नाहीं. एखाद्या आलापाखालीं कोणी न थांबतां तबला वाजवीत बसावें तसा हा प्रकार आहे. कांहीं ठिकाणीं हा विसंवाद खरोखर सुंदर लागतो : खालचें चक्र फिरत राहतें, वरचा स्वर त्याला न शिवतां तरंगतो. पण जेथें स्तोत्राचा तुकडा कापून ठेक्याच्या मापांत बसविला आहे, तेथें श्वास तुटतो. आणि सोलेमच्या साधूंनीं पाऊणशें वर्षें खपून परत मिळविलेली वस्तु नेमकी तो श्वास हीच होती.

तो श्वास कोणाचा, हा प्रश्न मग वकिलांकडे गेला. क्रेत्सूनें वापरलेलें गायन म्युनिकच्या त्या १९७६ च्या मुद्रिकेवरील होतें. कापेला आंतीक्वाचे संस्थापक कोनराड रूलांड हे स्वतः हस्तलिखितांचे अभ्यासक होते. त्यांनीं, गायकवृंदानें व त्यांच्या ध्वनिमुद्रण कंपनीनें दावा लाविला. मुद्दा लक्षांत घेण्यासारखा आहे. स्तोत्रावर कोणाचीच मालकी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या अनामिक रचनाकाराचा वारस कोठें शोधावयाचा? परंतु अमुक गायकांनीं अमुक दिवशीं घेतलेला आवाज त्यांचा आहे, आणि त्याची मोडतोड करणें हा त्यांच्या व्यक्तित्वावर आघात आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. प्रकरण नुकसानभरपाई देऊन मिटलें. पैशानें मिटलें म्हणून प्रश्न क्षुद्र ठरत नाहीं. मठांतील गाणारा आपलें नांव पुसून गातो. यंत्रावाल्यानें तें पुसलेलें नांव म्हणजे बेवारस माल समजावा काय, याचें उत्तर त्या तडजोडींत मिळालें नाहीं.

पुढचा इतिहास थोडा गंमतीचा आहे. १९९४ मध्यें स्पेनमधील सांतो दोमिंगो दे सिलोस मठाचीं जुनींच ध्वनिमुद्रणें 'चांट' या नांवानें नव्यानें विकण्यांत आलीं. त्यांत ठेका नव्हता, कुजबुज नव्हती. तरी तीं अमेरिकेच्या यादींत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोंचलीं आणि लाखोंनीं खपलीं. एनिग्मानें कान तयार केले नसते तर हें घडलें असतें कीं नाहीं, शंकाच आहे. उलट फ्रांक पेटर्सन यानें एनिग्मा सोडून 'ग्रेगोरियन' हें नांवच आपल्या मेळाला दिलें, आणि १९९९ पासून इंग्लंडांतील गायकांकडून आधुनिक रॉक गीतेंच मठांतील धाटणीनें म्हणवून घेण्यास सुरुवात केली. तेथें गायक पगारी होते व त्यांचीं नांवें लिहिलेलीं होतीं.