उज्जैनचे जावई उदयन



नातवाचं नाव 'उदयन' ठरलं तेव्हा व्याह्यांनी फोनवर विचारलं, "साताऱ्याच्या राजांवरून का हो?" मी म्हटलं, नाही, आमच्या गावच्या जावयावरून!

उदयनराजे भोसल्यांमुळे हे नाव आज घरोघर पोचलं, हे खरं. त्यांची कॉलर उडवायची स्टाइल आमच्या नानाखेड्यातल्या मराठी पोरांनाही पाठ आहे. पण मूळ उदयन बुद्धाच्या काळातला, कौशांबीचा वत्सराज. वीणा वाजवून रानहत्ती वश करायचा. आपल्या उज्जैनच्या चंडप्रद्योताने रानात खोटा हत्ती उभा करून त्याला पकडलं, कैदेत टाकलं, आणि वर आपल्याच मुलीला, वासवदत्तेला, वीणा शिकवायला बसवलं. आता यात दोष कुणाचा? गुरू-शिष्या हत्तिणीवर बसून पसार झाले.

भासाने यावर दोन नाटकं लिहिली. भासाची म्हणून ओळखली जाणारी नाटकं केरळातल्या पोथ्यांत सापडली, गणपतिशास्त्र्यांनी १९१२ पासून छापली. पुढे सम्राट हर्षानेही 'रत्नावली' आणि 'प्रियदर्शिका'चा नायक म्हणून यालाच घेतलं. मला मात्र खरा माणूस वाटतो तो त्याचा मंत्री यौगंधरायण. मगधाची मदत हवी, म्हणून त्याने वासवदत्ता जळून मेली अशी अफवा उठवली आणि राजाचं दुसरं लग्न मगधाच्या पद्मावतीशी लावलं. एवढी जोखीम आमच्या बँकेत कुणी मंजूर केली नसती. आणि त्या बाईने नवऱ्याच्या राज्यासाठी सवतीच्या घरी नाव लपवून राहायचं! हिशेबात तिचा खर्च कुणीच धरला नाही.

कालिदास 'मेघदूता'त सांगतो की अवंतीतले गावोगावचे म्हातारे उदयनाच्या गोष्टी सांगण्यात पटाईत. आता अवंतीतले म्हातारे म्हणजे आपणच की! कालिदास समारोह १९५८ पासून दरसाल होतो, पण घरात नातवंडांना ही गोष्ट आपल्यापैकी कितींनी सांगितली? मी फोनवरून हप्त्याहप्त्याने सांगतोय. पोरगं हत्तीपाशीच अडलंय, पुढे जाऊच देत नाही.

आणि घोषवती, म्हणजे त्याची वीणा. पळापळीत ती हरवली होती. भासाच्या नाटकात ती नर्मदाकाठच्या झुडपात कुणाला तरी सापडते. म्हणजे आपल्या ओंकारेश्वर-महेश्वरच्याच नदीवर. राजाच्या हातात ती येते तेव्हा तिच्यावर धूळ बसलेली असते, आणि वासवदत्ता मेली असं समजून तो त्या वीणेशीच बोलत रडतो.